पसाऱ्यामागचे मन

घरात पसारा वाढला की त्याचे खापर आळसावर फोडले जाते. परंतु पलंग, स्वयंपाकाचा ओटा आणि न्हाणीघर या तिन्ही जागा वस्तूंखाली गाडल्या जाऊन माणसाला स्वतःच्याच घरात आंघोळ करणे अवघड होते, तेव्हा त्या अवस्थेचा उलगडा आळसाने होत नाही. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या ‘डीएसएम-५’ या निदानसंहितेत संचयविकाराला, म्हणजे वस्तूची किंमत काहीही असो, ती टाकताना सतत तीव्र अडचण वाटण्याच्या प्रवृत्तीला, प्रथमच स्वतंत्र स्थान मिळाले. अर्थात, प्रत्येक पसारा हा विकार नव्हे. नैराश्य, म्हातारपण, दीर्घ आजारपण यांतही घर हाताबाहेर जाते.

रँडी फ्रॉस्ट आणि गेल स्टेकेटी या अभ्यासकांच्या मते संचयविकारातील अडचण बरीचशी निर्णय घेण्याची असते. ढिगातून जुने वीजबिल हाती लागले, तर ते पुढे कधी लागेल का, त्याच्या पाठीमागे खरडलेला नंबर कोणाचा, असे प्रश्न उभे राहतात, आणि नजरेआड ठेवले तर विसरेल या भीतीने ते पुन्हा ढिगाच्या माथ्यावरच जाते. न्यूयॉर्कच्या होमर आणि लँग्ली कॉलियर या भावांचे १९४७ मधील उदाहरण टोकाचे असले, तरी बोलके आहे: त्यांच्या घरातून शंभर टनांहून अधिक सामान निघाले आणि लँग्लीचा मृतदेह त्याच ढिगाऱ्याखाली सापडला.

दिवाळीच्या तोंडावर भंगारवाल्याला बोलावून, घरच्या माणसाला न विचारता सगळे एका दमात रिकामे करण्याचा उपाय मात्र बहुधा उलटतो, कारण विश्वास तुटतो आणि घर पुन्हा भरते. त्यापेक्षा न्हाणीघर आणि तिथवरची वाट आधी मोकळी करणे शहाणपणाचे, कारण आंघोळ आणि धुतलेले कपडे यांवाचून पुढची उमेद टिकत नाही. मग खरकटी भांडी व ओला कचरा घ्यावा. नासलेल्या भाजीबद्दल सहसा कोणाला विचार करावा लागत नाही. पत्रे, फोटो आणि दिवंगतांचे कपडे अगदी शेवटी काढावेत, कारण पहिल्याच दिवशी तो गठ्ठा सुटला, तर संध्याकाळपर्यंत वाचन होते, आवराआवर होत नाही.