अर्धा आटा सैल

पाऊस लागला की देवरूखात वायरमनला उसंत नसते. वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस झेलणाऱ्या या भागात ओल भिंतीतून बोर्डापर्यंत पोचते. झाकण काढले की कनेक्टरपट्टीचे एखादे घर करपून पिवळे पडलेले दिसते, पितळेवर हिरवट थर असतो आणि घरमालकाचा प्रश्न ठरलेला: ‘‘मग एमसीबी पडला कसा नाही?’’

पडणार नव्हताच. एमसीबी पडतो तो प्रवाह वाढल्यावर. सैल जोडावर प्रवाह वाढत नाही, उलट किंचित घटतो. वाढते ती उष्णता, तीही एकाच ठिकाणी. २००० वॉटचा गिझर २३० व्होल्टला सुमारे ८.७ अँपिअर घेतो. जोडाचा रोध ०.००१ ओहम असेल, तर तिथे ०.०८ वॉटसुद्धा उष्णता होत नाही. स्क्रू अर्धा आटा सैल होऊन रोध ०.१ ओहमवर गेला, तर साडेसात वॉट! एका एलईडी दिव्याची वीज शेंगदाण्याएवढ्या पितळेत कोंडली, तर प्लॅस्टिक किती दिवस तग धरणार?

तार आणि पितळ एकमेकांना सर्वांगाने भिडत नाहीत. गुळगुळीत दिसणारा धातूही सूक्ष्मदर्शकाखाली खडबडीत असतो आणि जिथे उंचवटे टेकतात, तेवढ्यातूनच वीज जाते. स्क्रूचा दाब हे उंचवटे चेपून ती जागा वाढवतो. गिझर चालू-बंद होताना धातू फुगतो, आकसतो आणि दाब कमी होत जातो. मग फटीत दमट हवा शिरते, ऑक्साइड धरते, रोध वाढतो आणि जोड आणखी तापतो.

अॅल्युमिनियम यात सगळ्यात नाठाळ. त्याचा ऑक्साइड वीज जाऊ देत नाही, आणि मऊ असल्याने तार स्क्रूखाली हळूहळू पसरते. तांब्याशी थेट गाठ मारली, तर ओलीत ती गंजतेही.

बहुतार वायरीच्या टोकाला कथील लावायची हौस अनेकांना असते. दिसायला नेटके, पण कथील दाबाखाली सरकते आणि काही महिन्यांत स्क्रू सैल. त्यापेक्षा पिन लग क्रिम्प करावी. चार तारा कापून उरलेल्या तारा भोकात कोंबणे तर निव्वळ आळस.

दिवा लुकलुकला किंवा करपल्याचा वास आला, तर मेन बंद करून वायरमनला बोलवावे. तापून गेलेला कनेक्टर पुन्हा आवळून उपयोग नसतो. काळवंडलेली तार चकाकते तांबे लागेपर्यंत मागे कापायची आणि कनेक्टर नवा घालायचा.