औषधाची मात्रा आणि व्रताची मर्यादा

दिगंबर जैनांचे दशलक्षण पर्व भाद्रपद शुद्ध पंचमीस सुरू होऊन अनंत चतुर्दशीस संपते. परंतु वाशीम जिल्ह्यातील कारंजा या गावी, जेथे सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या तिन्ही परंपरांची मंदिरे आहेत आणि जेथे १९१८ साली महावीर ब्रह्मचर्याश्रम स्थापन झाला, तेथे या पर्वाच्या तयारीचा एक भाग श्रावण सरता सरता औषधांच्या दुकानी चाललेला मी पाहिला आहे. एकाशन करणारा दिवसातून एकदाच, एका बैठकीत जेवतो, उपवास करणारा अन्न सर्वस्वी वर्ज्य करतो, आणि सूर्यास्तानंतर दोघांनाही पाणीसुद्धा चालत नाही. सबब ज्यांना सकाळ-संध्याकाळ गोळी घ्यावी लागते अशा वडीलधाऱ्यांच्या औषधांचा डबा पिशवीत घालून घरातली सून दुकानाच्या पायऱ्या चढते.

“भाऊ, याचं वरचं कवच कशाचं असते जी?” हा तिचा पहिला प्रश्न. दुकानदार पट्टी उलटून बारीक अक्षरातला मजकूर डोळ्यांजवळ नेऊन वाचतो. कॅप्सूलचे कवच बहुधा जिलेटिनचे, आणि जिलेटिन जनावरांच्या हाडाकातड्यांतून काढलेले. वनस्पतीतील सेल्युलोजपासून केलेली कवचेही मिळतात, परंतु प्रत्येक औषध त्यांत मिळत नाही. पूरक आहार म्हणून विकल्या जाणाऱ्या जिन्नसांवर शाकाहाराची हिरवी खूण असते. औषधाच्या पट्टीवर तशी खूण छापण्याची सक्ती नाही, आणि ज्याला नियम पाळायचा त्याच्यावर हा सारा शोध येऊन पडतो, हे मला न्याय्य वाटत नाही. कवच उघडून आतली पूड पाण्यातून घ्यावी, असा तोडगा कोणी सुचवतो; पण काही औषधांचे दाणे जठरातील आम्लापासून सुरक्षित राहावेत किंवा सावकाश विरघळावेत अशा बेताने घडवलेले असतात, म्हणून दुकानदार तो सल्ला तत्काळ खोडून काढतो आणि हेच औषध साध्या गोळीच्या रूपात लिहून मिळेल काय, हे डॉक्टरांना विचारून येण्यास सांगतो.

जीवनसत्त्वांचा तपशील याहून नाजूक आहे. ड-३ बहुधा मेंढीच्या लोकरीतील स्निग्धांशापासून तयार होते, आणि मेंढी मारली जात नाही एवढ्याने ते ग्राह्य ठरते काय, यावर एकाच घरातील दोन पिढ्यांचे मतभेद मी ऐकले आहेत. उलट ब-१२ सूक्ष्मजीवांच्या किण्वनातून मिळते. आयुर्वेदाकडे वळावे तर च्यवनप्राशात मध, आसव-अरिष्टांत स्वयंजनित मद्यांश, आणि मद्य, मांस व मधु या तिहींचा त्याग तर श्रावकाच्या मूलगुणांतच आलेला. तेव्हा जाणता वैद्य मधाऐवजी, औषधाचा गुण पाहून, दूध, तूप किंवा कोमट पाणी अनुपान म्हणून सांगतो.

कोकणातील मराठीभाषक बेने इस्राएल समाजासही वल्हांडणाच्या सणात, खमीर लागलेले धान्य निषिद्ध असताना, असाच प्रश्न पडतो, कारण गोळी बांधण्यास कधी कधी गव्हाचे सत्त्व वापरतात. मात्र आजाऱ्याने अखंड गिळायची बेचव गोळी हे अन्नच नव्हे, अशी बहुतेक यहुदी धर्मपंडितांची अनुज्ञा आहे, आणि गोड पातळ औषध किंवा चघळायची गोळी यांचीच बारकाईने चौकशी होते. जैनाचा पहिला प्रश्न निराळा आहे: हे कोणत्या जीवापासून आले? तिथे चव असण्या-नसण्याने काही सुटत नाही.

उगमाचा निकाल लागला तरी वेळेचा उरतो. ग्लिमेपिराइडसारखी गोळी नेहमीच्या मात्रेत घेऊन अन्न टाळले तर रक्तातील साखर जिवावर बेतेल इतकी उतरू शकते. रक्तदाबाचे औषध मात्र पुष्कळदा चोवीस तास टिकणारे असल्याने एकाशनाच्या बैठकीत देता येते. हा बदल डॉक्टरांनीच करावयाचा असतो. परंतु पुष्कळ वृद्ध मुकाट्याने गोळीच सोडतात, आणि घरच्यांना ते चौथ्या-पाचव्या दिवशी कळते.

पर्वाच्या दहा दिवसांत तत्त्वार्थसूत्राच्या दहा अध्यायांचे क्रमाने वाचन होते. सहाव्या अध्यायात त्याग आणि तप ही शक्तीनुसार करावीत असे सांगितले आहे, आणि ज्या घराच्या ओसरीवर मी बसलो होतो तेथे आजीने याच वचनाचा आधार घेऊन आजोबांना उपवासाऐवजी एकाशनास राजी केले होते. डॉक्टरांनी कमी केलेली मात्रा कागदावर लिहून भिंतीला चिकटवली होती, साखर तपासण्याचे यंत्र नातवाच्या ताब्यात दिले होते, आणि हातपाय थरथरून घाम सुटला तर रात्र असली तरी साखरपाणी द्यायचे, व्रताचे प्रायश्चित्त मागाहून विचारायचे, असे आजोबांकडून सर्वांसमक्ष कबूल करून घेतले होते.