मॉरिशसहून मूळ गावी

ज्याला आपले मूळ गाव ठाऊक आहे, त्याची त्या गावची यात्रा एस.टी.त पाय ठेवल्यापासून सुरू होते. परंतु ज्याच्या पूर्वजाने दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी मुंबई बंदरातून जहाजावर चढून मॉरिशसची वाट धरली, आणि ज्याच्या घरी आज क्रिओल भाषा, फ्रेंच वर्तमानपत्र व देव्हाऱ्यातला गणपती सुखाने एकत्र नांदतात, त्या मराठी वंशजाची यात्रा दप्तरखान्यात सुरू होते, आणि तेथे ती नीट पार पडली नाही तर पुढचा सारा प्रवास म्हणजे निव्वळ पर्यटन ठरते. अशा प्रवासाला एकट्याने निघू पाहणारी तरुण मंडळी त्या बेटावर आहेत. त्यांनी तयारी कशी करावी, हे सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. 1835 साली मॉरिशसमधील गुलामगिरी कायद्याने संपुष्टात आली. उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते, म्हणून 1834 पासूनच हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर तेथे नेण्यास आरंभ झाला होता, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापर्यंत सुमारे साडेचार लाख माणसे पोर्ट लुई बंदरात उतरली. बहुसंख्य मजूर कलकत्ता व मद्रास या बंदरांतून गेले. मुंबईहून गेलेले संख्येने थोडे, आणि त्यांत रत्नागिरी व सावंतवाडीकडच्या लोकांचा भरणा मोठा होता. मॉरिशसची साखर आपल्याकडे 'मोरस' या नावाने घरोघर येत असे. तिच्यासाठी ऊस तोडणारे हात आपल्याच मुलखातले होते, याची वार्ता मात्र फारशा कोणाला नव्हती. ज्या आगारात ही माणसे उतरवून घेतली जात, तो पोर्ट लुईचा आप्रवासी घाट 2006 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

या मजुरांना सरकारने माणूस म्हणून फारसे मोजले नाही. पण मजूर म्हणून इतके बारकाईने मोजले, की गावच्या दप्तरात ज्याची नोंदही झाली नसती अशा कुळाचे संपूर्ण वर्णन तेथील रजिस्टरात सापडते. नाव, बापाचे नाव, वय, जात, उंची, अंगावरील खुणा, जहाज, आगमनाची तारीख, आणि सर्वांत मोलाचे म्हणजे जिल्हा, परगणा व मौजे. प्रत्येकाला एक क्रमांक दिला जाई, आणि पुढे अपत्यांच्या जन्मविवाहांच्या नोंदींतही पुष्कळदा तो क्रमांक लिहिला जात असल्यामुळे, आजच्या पिढीला आपल्या दाखल्यावरून बापाच्या, बापाच्या दाखल्यावरून आजाच्या, असे एकेक पायरी मागे जात तो मूळ क्रमांक गाठता येतो. 1867 च्या कायद्यान्वये करार पुरा केलेल्या मजुरांना छायाचित्र लावलेला परवाना जवळ बाळगणे सक्तीचे झाले. त्या जाचक कायद्याच्या कृपेने कित्येक कुटुंबांना आपल्या मूळ पुरुषाचा चेहरा पाहावयास मिळतो. हे सारे दप्तर मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आहे, आणि पहिली खेप तेथेच घालावी. त्यानंतर भारतात येण्यासाठी नियमांची अडचण आता पूर्वीइतकी नाही: भारताच्या परदेशस्थ नागरिकत्वाची सवलत सातव्या पिढीपर्यंतच्या मॉरिशसवासीयांना देण्याची घोषणा 2024 साली झाली.

उतारा हाती आला म्हणजे गाव सापडले असे मात्र नाही. आगारातील कारकुनाने कानावर पडले तसे रोमन लिपीत लिहिले, आणि त्या लिपीत ळ आणि ल, ट आणि त, ड आणि द यांचा भेद राहत नाही. म्हणून लेखी रूपावर विसंबून न राहता तो शब्द निरनिराळ्या तऱ्हांनी मोठ्याने उच्चारून पाहावा, आणि 1880 चा रत्नागिरी-सावंतवाडी गॅझेटियरचा खंड व तालुकावार गावांची यादी समोर ठेवून पडताळावा. नांदगावसारख्या नावाची गावे एकाहून अधिक आहेत. तेथे परगण्याचे नाव हाच आधार. शिवाय तेव्हाचा रत्नागिरी जिल्हा 1981 साली विभागला जाऊन दक्षिणेकडचा भाग सिंधुदुर्ग झाला, त्याच साली कुलाब्याचे नाव रायगड झाले, आणि सावंतवाडी तर 1948 पर्यंत संस्थानच होती. कागदावर 'रत्नागिरी' वाचून रत्नागिरी शहरात उतरणारा माणूस आपल्या गावापासून शंभर मैल दूर असू शकतो. आडनावाचा उपयोग नाही, कारण मूळ मजुराचे रामजी किंवा सखाराम हे एकेरी नावच पुढे वंशजांचे आडनाव होऊन बसले.

कोकणातल्या दप्तरांकडूनही अपेक्षा बेताची ठेवावी. तेथे खोती होती. ती कायद्याने उठली 1949 साली. खोताचे नाव कागदोपत्री राहिले, पण त्याची जमीन कसणाऱ्या कुळाचे राहिलेच असे नाही, आणि पोट भरण्यासाठी समुद्र ओलांडणारे बहुधा कूळच असणार. त्यातून जमाबंदीची पाहणी मुख्यतः एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली. जो तिच्या आधी गेला तो तिच्यात कसा सापडावा? त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वंशावळींच्या वह्यांचा लौकिक मोठा आहे, परंतु त्या वह्या आडनाव व गाव यांवर चालतात, आणि ज्याच्या घरचे कोणी कधी तीर्थयात्रेला जाऊ शकले नाही त्याला त्या मुक्याच राहणार. माझे मत असे, की घराचा चौथरा शोधण्याचा हट्ट सोडून गाव शोधावे, आणि फार तर वाडी. तेवढ्यानेही यात्रा सुफळ होते.

आता ज्या गोष्टीचा विचार परदेशातून येणारा मनुष्य सहसा करीत नाही, ती सांगतो. कोकणातील गावात एखादा अनोळखी इसम जुने कागद घेऊन येतो आणि अमक्या भावकीची चौकशी करतो, तेव्हा ओटीवर बसलेल्यांच्या मनात पहिला प्रश्न उठतो तो हिश्शाचा. सात-बाऱ्यावर पंधरा-वीस नावे, त्यांतली निम्मी मुंबईत, दोन भावांत दावा चालू, आणि आता हा आणखी एक वारस कोठून उगवला! ही शंका क्षुद्रपणाची नाही. जमिनीच्या वादांत पिढ्या खपलेल्या लोकांचे ते शहाणपण आहे. म्हणून सात-बारा मागू नये, तलाठ्याकडे प्रथम जाऊ नये, घराकडे बोट दाखवून 'हे आमचे काय?' असे तर चुकूनही विचारू नये. आधी सरपंच किंवा पोलीस पाटील यांना भेटावे, आपण कोण, कोठून आलो ते सांगावे, आणि पहिल्या दोन वाक्यांतच स्पष्ट करावे की मला काही मागावयाचे नाही, फक्त गाव पाहावयाचे आहे. त्यानंतर चहा येतो. मग परवान्यावरचे छायाचित्र काढावे; एखाद्या म्हातारीला त्यात आपल्या दिराचे नाक दिसले, तर त्यावर शास्त्रीय वाद घालू नये.

एकट्याने जावे ते याचसाठी. शिष्टमंडळ म्हटले की शाल, श्रीफळ आणि भाषणे आलीच. गाव त्या दिवशी गाव राहत नाही. एकट्या माणसाला ओटीवर जागा मिळते. मुक्काम मात्र तालुक्याच्या ठिकाणी करावा, कारण परदेशी नागरिकाला घरी ठेवणाऱ्यास त्याची वर्दी द्यावी लागते आणि यजमानाला तो व्याप नको. संध्याकाळी गावात येऊन सकाळी परतणाऱ्या वस्तीच्या गाडीचे वेळापत्रक ध्यानात घेऊन दिवस आखावा. गणेशचतुर्थीला मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुट्टी असते, म्हणून तिकडच्या माणसाला साहजिकच वाटते की त्याच सणाला जावे. परंतु त्या दिवसांत कोकण रेल्वेत उभे राहावयास जागा नसते आणि प्रत्येक घर आपापल्या पाहुण्यांत बुडालेले असते. पहिल्या भेटीला शिमगा बरा. पाऊस नसतो, चाकरमानी आलेले असतात, आणि रत्नागिरीकडे ग्रामदेवतेची पालखी घरोघर जात असल्यामुळे तिच्या मागोमाग चालणाऱ्याला सारे गाव दारांवरून कळते.

घरून न्यावयाचे सामान कागदांपुरते नाही. आजीच्या तोंडची आरती कोणत्या चालीवर होती, कुलदैवताचे नाव काय सांगत, कोणत्या दिवशी काय खात नसत, हे वडीलधाऱ्यांकडून निघण्यापूर्वी लिहून घ्यावे. मॉरिशसच्या मराठी मंडळींनी जपलेली झाकरी आणि रत्नागिरीकडची जाखडी या नाचांचे ठेके शेजारी ठेवून ऐकण्याजोगे आहेत. जमल्यास एखादे ध्वनिमुद्रण बरोबर न्यावे. देवळात गेल्यावर नारळ द्यावा आणि मूळ पुरुषाचे नाव सांगावे. गावचा मानकरी किंवा गुरव देवापुढे गाऱ्हाणे घालील, आणि त्यात ते नाव आपल्या खणखणीत आवाजात घेईल. ज्याचे घर, शेत, आडनाव काहीच हाती लागले नाही, त्याचे नाव गावच्या देवापुढे पुन्हा उच्चारले जाणे, ही माझ्या मते त्या यात्रेची पुरेशी प्राप्ती होय.

तयारीचा काही भाग आपल्याकडचाही आहे. कोकणातील ज्या गावांत 'अमका परमुलखी गेला तो आलाच नाही' अशा हकीकती वृद्धांना अजून आठवतात, तेथील शिक्षकांनी वा ग्रामपंचायतीने त्या वाडीवार लिहून ठेवाव्यात, आणि रोमन लिपीत वेडेवाकडे लिहिलेले गावाचे नाव दाखवीत कोणी दारात उभा राहिला, तर हिश्शाची चिंता घटकाभर बाजूला ठेवून त्याला देवळाची वाट दाखवावी.