न्यूट्रल तारेतील अज्ञात प्रवाह

संधिबिंदूपाशी येणाऱ्या विद्युत प्रवाहांची बेरीज तेथून निघणाऱ्या प्रवाहांच्या बेरजेइतकी असते, हा नियम गुस्टाव किरचॉफ यांनी १८४५ मध्ये विद्यार्थिदशेतच मांडला. अध्यापनात तो बहुधा बॅटऱ्या व रोध यांच्या आकृत्यांपुरताच उरतो. वास्तविक महावितरणकडून वीज मिळणाऱ्या भांडुपसारख्या उपनगरात, तीन फेजची जोडणी असलेल्या कोणत्याही इमारतीच्या मीटरखोलीत त्याचे अधिक बोलके उदाहरण आढळते.

अशा इमारतीतील घरे तीन फेजवर वाटलेली असतात. न्यूट्रल तार मात्र सामाईक. समजा, तीन फेजमधून अनुक्रमे ६०, ४० व २० अँपिअर प्रवाह वाहतो आणि भार केवळ रोधात्मक आहे. न्यूट्रलमधील प्रवाह किती? विद्यार्थी एक तर १२० म्हणतात, नाही तर 'शून्य' हे पाठ केलेले उत्तर देतात. प्रवाहांत परस्पर १२० अंशांचे कलांतर असल्याने बेरीज सदिश पद्धतीने करावी लागते. ती सुमारे ३४.६ अँपिअर येते. तिन्ही भार समान असतील तरच ती शून्य होते.

न्यूट्रल तुटल्यास काय, हा प्रश्न याहून महत्त्वाचा आहे. तेव्हा तीन फेजच्या प्रवाहांचीच सदिश बेरीज शून्य व्हावी लागते आणि त्यासाठी संधिबिंदूचे विभव सरकते. रोध स्थिर मानून समीकरणे सोडविल्यास २३० व्होल्टऐवजी त्या फेजवरील घरांना अनुक्रमे सुमारे १७६, २३९ व २८९ व्होल्ट दाब मिळतो. सर्वाधिक दाब पडतो तो सर्वांत कमी भाराच्या फेजवर. म्हणजे दूरचित्रवाणी संच जळण्याचा धोका दोन दिवे आणि एक पंखा लावणाऱ्या काटकसरी घरालाच अधिक. न्यूट्रल तारेत स्वतंत्र फ्यूज का बसवीत नाहीत, याचे उत्तर याच आकड्यांत आहे.