पर्ड्यूचा तो चॅप्टर

मे 2025 च्या अखेरीस अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाने आपले विविधता आणि समावेशन कार्यालय बंद करत असल्याचे जाहीर केले. बातमी मनाला लागली. कारण कृष्णवर्णीय इंजिनिअरांची राष्ट्रीय संघटना, एनएसबीई, याच आवारात जन्मली आणि त्याच वर्षी तिला पन्नास वर्षे झाली.

जुना इतिहास भराभर सांगतो. डेव्हिड रॉबर्ट लुईस 1894 मध्ये तिथून पदवी घेऊन बाहेर पडला, पर्ड्यूचा पहिला कृष्णवर्णीय पदवीधर. पण वसतिगृहांची दारे त्याच्या समाजाला उघडायला 1940 चे दशक सरत आले. तोवर मुले वाबाश नदीपलीकडे लफाएटमध्ये राहत. 1971 मध्ये एडवर्ड बार्नेट आणि फ्रेड कूपर या विद्यार्थ्यांनी पर्ड्यूपुरती संघटना काढली, कारण पहिल्या वर्षाला आलेल्यांपैकी जवळजवळ 80 टक्के कृष्णवर्णीय मुले गळत होती. आर्थर बाँड त्यांचे मार्गदर्शक झाले. पुढे शिकागोच्या सहा मुलांनी देशभरच्या इंजिनिअरिंग कॉलेजांना पत्रे धाडली आणि एप्रिल 1975 मध्ये 32 संस्थांतले 48 विद्यार्थी पर्ड्यूत जमले. त्यातून राष्ट्रीय संघटना उभी राहिली.

मी एम.एस.साठी तिथे पोचलो ते ऐंशीच्या दशकात. मला ओळखीचा आहे तो त्या वर्षांतला चॅप्टर, म्हणजे संघटनेची पर्ड्यूतली शाखा. संध्याकाळी वर्गखोली मिळवायची, वरच्या वर्षाच्या मुलांनी खालच्यांना थर्मोडायनॅमिक्स शिकवायचे, जुन्या प्रश्नपत्रिकांची फाइल एकाकडून दुसऱ्याकडे जायची. मिडटर्ममध्ये कुणी आपटला, तर दोघे-तिघे त्याच्या खोलीवर जात. मुलाखतीला निघालेल्याला टाय उसना मिळे. एकटा पास होऊन निघून गेलेल्याला तिथे मान नव्हता. असा अभ्यास मी त्याआधी कुठे पाहिला नव्हता.

आणि आमची भारतीय मंडळी? पोळी-भाजीच्या पंगतीत बसून सांगायची, 'यांना काय, फुकट प्रवेश!' हे बोलणाऱ्यांचे स्वतःचे शिक्षण भारतातल्या सरकारी पैशावर झालेले. 1965 पर्यंत अमेरिकेत भारतीयांसाठी वर्षाला जेमतेम 100 जणांचा कोटा होता. देशवार कोट्याची ती पद्धत मोडली गेली ती नागरी हक्कांच्या चळवळीने तापलेल्या काळात. पोलिसांचे दंडुके खाल्ले होते त्या मुलांच्या आईबापांच्या पिढीने, आणि विमानातून उतरलो आम्ही. त्या पंगतीतल्या एकानेही कधी त्या वर्गात डोकावून पाहिले नाही. हा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

पुढे संघटना फोफावली. वार्षिक अधिवेशनाला हजारो लोक येऊ लागले, कंपन्यांचे स्टॉल लागले. नोकऱ्या मिळाल्या, हे चांगलेच झाले. मला मात्र ती खडूने भरलेल्या फळ्याची संध्याकाळ जास्त मोलाची वाटते, आणि अधिवेशनाच्या झगमगाटात ती मागे पडली याचे दुःख आहे.

2023 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशात वंशाचा विचार करायला मनाई केली, तेव्हा आपल्या कितीतरी घरांत आनंद झाला. मग पर्ड्यूचे हे कार्यालय गेले. कुणी म्हणेल, 1971 मध्ये कुठे होते कार्यालय? नव्हते. म्हणून तर वीस वर्षांच्या पोरांना स्वतःचा अभ्यास सांभाळून दुसऱ्यांची गळती थांबवावी लागली. ज्यांना विद्यापीठाने प्रवेश दिला, त्यांना शेवटपर्यंत टिकवणे हे विद्यापीठाचेच काम आहे. तेव्हाही होते.