परक्या चलनाची ओढ – भाग ६ : कापसाच्या गाठींमागून आलेली बँक

जपानमधल्या व्याजशून्य वर्षांबद्दल आपण मागच्या आठवड्यात वाचलं. व्याज जवळजवळ मिळत नसतानाही तिथल्या कुटुंबांनी बँकेतली ठेव मोडली नाही. एवढ्या ठेवी सांभाळणारी बँक तो पैसा लावते कुठे, या प्रश्नावर तो भाग थांबला होता. ती परदेशात लावते, हे उत्तर बरोबर आहे. पण ही वाट मंदीच्या काळात सापडलेली नाही, ती बरीच जुनी आहे. जपानची सर्वांत मोठी बँक म्हणजे एमयूएफजी. तिच्या घराण्यातली एक शाखा तर थेट मुंबईच्या कापूसबाजाराशी जोडलेली आहे.

१८८० साली योकोहामा स्पेसी बँक स्थापन झाली. भांडवल ३० लाख येन, त्यातले १० लाख सरकारचे. त्या काळी जपानचं रेशीम आणि चहा योकोहामाच्या बंदरातून जगभर जाई, पण त्या व्यापाराच्या हुंड्या वटवायला जावं लागे परदेशी बँकांकडेच. माल आपला आणि विनिमयाचा दर परक्याने ठरवायचा, हे जपानी राज्यकर्त्यांना सलत होतं. ही बँक निघाली ती या सलातून.

पुढे ओसाकाच्या सूतगिरण्यांना हिंदुस्थानी कापूस हवा झाला. १८९३ मध्ये जमशेटजी टाटांच्या सहकार्याने निप्पॉन युसेन कैशा या जपानी कंपनीच्या बोटी कोबे ते मुंबई धावू लागल्या. या मार्गावर बस्तान असलेल्या पी अँड ओ कंपनीने त्यांना हटवण्यासाठी भाडं पाडलं, तरी बोटी टिकल्या. लगेच पुढच्या वर्षी, १८९४ मध्ये, स्पेसी बँकेने मुंबईत शाखा उघडली.

त्या शाखेत काम कसं चाले, हे नीट पाहण्यासारखं आहे. मुंबईचा व्यापारी गाठी बोटीवर चढवी. त्या ओसाकाला पोचून पैसे हाती येईपर्यंत थांबणं त्याला परवडत नसे. म्हणून तो खरेदीदाराच्या नावाने हुंडी काढी, तिला बोटीची पावती जोडी आणि बँकेला विकून रुपये घेऊन मोकळा होई. मुदत भरली की जपानमध्ये बँक खरेदीदाराकडून येन वसूल करी. मधल्या काळाचं व्याज ही तिची कमाई, आणि मधल्या काळात दर फिरला तर ती तिची चिंता. दर फिरायला तेव्हा कारणही होतं. जून १८९३ मध्ये ब्रिटिश सरकारने इथल्या टांकसाळी लोकांच्या चांदीला बंद केल्या आणि रुपया चांदीच्या भावापासून सुटला. येन मात्र १८९७ पर्यंत चांदीलाच बांधलेला होता. अशा काळात दोन्ही टोकांना स्वतःचा माणूस असलेली बँक व्यापाऱ्याला मोलाची वाटणारच.

दुसऱ्या महायुद्धानंतर स्पेसी बँक मोडण्यात आली आणि १९४६ मध्ये तिच्या जागी बँक ऑफ टोकियो आली. ती १९९६ मध्ये मित्सुबिशी बँकेत मिळाली, २००६ मध्ये यूएफजे बँक येऊन मिळाली आणि २०१८ पासून एमयूएफजी बँक हे नाव चालू झालं.

आता मूळ अडचणीकडे येऊ. या बँकेकडे येन अमाप, पण परदेशातला कर्जदार मागतो डॉलर. ते तिला बाजारातून उसने घ्यावे लागतात. नोव्हेंबर १९९७ मध्ये होक्काइडो ताकुशोकु बँक आणि यामाइची सिक्युरिटीज कोसळल्या, तेव्हा जगातल्या बँकांनी सगळ्याच जपानी बँकांकडून डॉलरवर जादा व्याज घेतलं. बाजारात त्याला ‘जपान प्रीमियम’ म्हणत. तो धडा जपानी बँका विसरल्या नाहीत.

२००८ च्या ऑक्टोबरात पारडं उलटं झालं. मॉर्गन स्टॅन्ली अडचणीत होती आणि एमयूएफजीने तिच्यात ९०० कोटी डॉलर घातले. १३ ऑक्टोबरला दोन्ही देशांत बँकांना सुट्टी होती, म्हणून एवढी रक्कम कागदी धनादेशाने हातोहात दिली गेली!

माझ्या मते त्याहून महत्त्वाची खरेदी आशियातली आहे. २०१३ मध्ये थायलंडच्या क्रुंगश्री बँकेचा सुमारे ७२ टक्के हिस्सा आणि २०१९ पर्यंत इंडोनेशियाच्या दानामोन बँकेचा ९० टक्क्यांहून अधिक हिस्सा एमयूएफजीकडे आला. या बँकांसोबत बाट आणि रुपियातल्या स्थानिक ठेवी आल्या. तिथल्या माणसाला तिथल्याच पैशातून कर्ज देता येऊ लागलं. २०२२ मध्ये तिने कॅलिफोर्नियातली युनियन बँक विकली. कल कुठे आहे, ते यावरून कळतं.

भारतातही हेच वळण दिसतं. राजस्थानात नीमराण्याला जपानी कारखाने आले, त्यांच्यामागून ही बँक गेली. ती जुनी रीत झाली. डिसेंबर २०२५ मध्ये मात्र तिने श्रीराम फायनान्सचा २० टक्के हिस्सा सुमारे ३९,६०० कोटी रुपयांना घेण्याचा करार जाहीर केला. इथे समोर जपानी कारखानदार नाही, जुना ट्रक कर्जाने घेणारा भारतीय मालक आहे.

जपानचा स्वस्त पैसा आला म्हणजे ट्रकवाल्याचं व्याजही तेवढंच उतरेल, असं कुणी सांगितलं तर लगेच विश्वास ठेवू नका. येनचे रुपये करताना आणि दर फिरण्याच्या धोक्यापासून संरक्षण घेताना व्याजातला बहुतेक फरक तिथेच खर्ची पडतो. तो हिशेब आकड्यांसह पुढच्या आठवड्यात मांडतो.