भूक आणि औषध (लेखांक ६) : पाणी वगळलं आणि उपचार घरी आला

तीव्र कुपोषणात मुलाच्या शरीरात काय काय बिघडतं, ते मागच्या आठवड्यात पाहिलं. असं मूल वाचवायचं कसं, हा आजचा विषय. जगभरच्या रुग्णालयांत अशा दर शंभर मुलांतली वीस ते तीस दगावत होती, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हा आकडा जवळजवळ हललाच नाही.

१९९०च्या दशकात ‘एफ-१००’ नावाचं दूध आलं. दूध पावडर, साखर, तेल, खनिजं आणि जीवनसत्त्वं यांचं हे मिश्रण होतं. त्याने मुलं बरी होत. पण ते पाण्यात कालवावं लागे आणि कालवलेलं दूध उन्हात काही तासांत नासतं. गढूळ पाण्याच्या गावात ते आईच्या हाती देणं धोक्याचं, म्हणून मूल कित्येक आठवडे वॉर्डात ठेवावं लागे. तिथे दाटी, आणि एका मुलाचे जुलाब दुसऱ्याला लागायचे. घरी आणखी लेकरं आणि शेतात पेरणी असलेली बाई इतके दिवस खाटेपाशी बसणार कशी? अनेक जणी उपचार अर्धवट सोडून निघून जात, अनेक जणी येतच नसत.

आंद्रे ब्रिआँ या फ्रेंच बालरोगतज्ज्ञाने हेच मिश्रण पाण्याशिवाय देण्याचा ध्यास घेतला. वड्या आणि बिस्किटं करून पाहिली, जमली नाहीत. अखेर पावाला लावायच्या चॉकलेटच्या लगद्यावरून त्याला वाट सापडली. १९९६ साली मिशेल लेस्कान यांच्या ‘न्यूट्रिसेट’ या नॉर्मंडीतल्या कंपनीबरोबर त्याने ‘प्लम्पीनट’ तयार केलं. दुधातली बरीचशी पावडर काढून तिच्या जागी शेंगदाण्याचा लगदा घातला. जीवजंतू वाढायला पाणी लागतं आणि या लगद्यात ते जवळजवळ नसतंच. त्यामुळे ९२ ग्रॅमचं बंद पाकीट दोन वर्षं टिकतं. त्यात ५०० कॅलरी असतात. शिजवायचं नाही, कालवायचं नाही. कोपरा फाडायचा आणि मुलाने चोखून खायचं.

आपल्याकडे लगेच मनात येतं, मग शेंगदाण्याचा लाडू काय वाईट? निरोगी मुलाला तो उत्तम. पण हाडांना कातडी चिकटलेल्या मुलाला पोटॅशियम, जस्त, ‘अ’ जीवनसत्त्व आणि दुधातली प्रथिनं मोजून लागतात, तीही रोज. लाडवातून ती तेवढी मिळत नाहीत.

२००१ साली मलावीत मार्क मॅनरी या अमेरिकी डॉक्टरने वॉर्डातली मुलं असा लगदा देऊन घरी पाठवली. त्या काळी हे धाडसच होतं. बहुतेक मुलं घरी बरी झाली. खरी कसोटी २००५ साली नायजरमध्ये लागली. आदल्या वर्षी पाऊस कमी झाला होता, त्यात टोळधाड आली होती आणि बाजरीचं नवं पीक हाती यायला अवकाश होता. ‘मेदसां सां फ्रोंतिए’ या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय संघटनेने त्या वर्षी ६० हजारांहून अधिक तीव्र कुपोषित मुलांवर उपचार केले. यातली बरीचशी मुलं घरीच राहिली. आई आठवड्यातून एकदा केंद्रावर येऊन पाकिटं घेऊन जाई. एवढ्या मुलांना पुरतील एवढ्या खाटा नायजरमध्ये कुठून आणल्या असत्या? २००७ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी या पद्धतीला मान्यता दिली.

निवडही सोपी आहे. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर ११५ मिलिमीटरपेक्षा कमी भरला, की ते तीव्र कुपोषित. केंद्रावर त्याला थोडा लगदा चाटवून बघतात. आवडीने खाल्ला आणि इतर आजार नसेल तर घरी. तोंड फिरवलं तर रुग्णालयात. नायजरमध्ये आता आयांनाच पट्टी देऊन दंडघेर मोजायला शिकवतात. मला हा सगळ्यात मोठा बदल वाटतो, कारण मूल खंगायला लागलं हे आईच्या नजरेला आधी दिसतं.

अडचण पैशांची आहे. सहा ते आठ आठवड्यांच्या पाकिटांना साधारण ४० ते ५० डॉलर लागतात. यात महाग घटक दूध पावडर. झांबियात दूध वगळून सोयाबीन, मका आणि ज्वारीचा लगदा दिला, पण दुधाच्या लगद्याइतकी मुलं त्याने बरी झाली नाहीत. मलावीत ब्लँटायर आणि नायजरमध्ये नियामे इथे स्थानिक कारखाने निघाले. तिथे शेंगा नीट वाळल्या नाहीत तर बुरशी धरते आणि अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होतं. म्हणून मालाची प्रत्येक खेप तपासावी लागते. पेटंटही कित्येक वर्षं फ्रेंच कंपनीच्या हाती होतं. भुकेवरच्या औषधाला कुलूप लावणं मला कधीच पटलं नाही.

भारताचा अनुभव वेगळा आहे. २००९ साली युनिसेफने बिहार आणि मध्य प्रदेशात पाठवलेली पाकिटं केंद्र सरकारने थांबवली. पाकिटामुळे अंगणवाडीतलं ताजं, गरम जेवण मागे पडेल, ही इथल्या कार्यकर्त्यांची भीती खोटी नव्हती. पण जेवण निरोगी मुलासाठी आणि लगदा आजारी मुलासाठी, दोन्ही लागतात.

महाराष्ट्रात अशा मुलांसाठी ग्राम बाल विकास केंद्रं आहेत. तुमच्या गावातल्या, वस्तीतल्या अंगणवाडीत दंडघेराची पट्टी वापरली जाते का, आणि साडेअकरा सेंटिमीटरखालचं मूल सापडलं तर ते पुढे कुठे पाठवतात, एवढं या आठवड्यात जाऊन विचारा.